कासवाचं घरटं सापडलं, आता गावाने काय करावं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान किनाऱ्यावरच्या गावातून पाच-सहा मुलामुलींनी विचारलंय: फेब्रुवारीत पुळणीवर कुत्र्यांनी उकरलेलं कासवाचं घरटं दिसलं. टरफलं विखुरली होती, सात-आठ अंडी शाबूत होती. ती घरी आणून वाळूच्या बादलीत ठेवली, पण एकातूनही पिल्लू आलं नाही. हे थांबवायचं आहे. संस्था नाही, पैसे नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या वेळास गावासारखा, समुद्रात जाणारी पिल्लं पाहुण्यांना दाखवणारा कासव महोत्सव भरवला तर गावाला चार पैसेही मिळतील. तिथूनच सुरुवात करावी का?

महोत्सवापासून नको. तो सगळ्यात शेवटी, आणि तोही गावाला पेलला तरच. बावीस वर्षं मी कोकण किनाऱ्यावर घरट्यांचं काम करतो आहे. ज्या गावांनी पहिल्याच हंगामात मांडव घातला, त्यांतल्या बहुतेक गावांत दोन-तीन वर्षांनी पहाटे पुळणीवर जायला माणूस उरला नव्हता. वेळासचं नाव सगळे घेतात, पण तिथला क्रम लक्षात ठेवा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ साली किनाऱ्यावर फिरत होते ते समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, अंडी पळवली जातात हे कळलं, आणि काम सुरू झालं. कासव महोत्सव सुरू झाला २००६ मध्ये. मधले हंगाम गावातल्या माणसांनी अंधारात किनारा तुडवला. पर्यटकाला महोत्सव दिसतो, ते हंगाम दिसत नाहीत.

बादलीतल्या अंड्यांचं मनाला लावून घेऊ नका, पण पुन्हा तसं करू नका. मादीने अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं कलतं झालं, फिरलं किंवा त्याला हिसका बसला की गर्भ मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. अंडं पांढरं, गोल, पिंगपाँगच्या चेंडूएवढंच दिसत राहतं. म्हणून हलवायचंच असेल तर अंडी घातल्यापासून साधारण सहा तासांच्या आत, आणि घातली होती त्याच स्थितीत. हे मी पुस्तकातून सांगत नाही. तिसऱ्या हंगामात मी स्वतः एक घरटं दुपारी काढलं आणि खडबडीत रस्त्याने जीपमधून चार किलोमीटर नेलं. एकशे अकरा अंडी होती. पन्नासाव्या दिवसापर्यंत काही हललं नाही, साठाव्या दिवशी नऊ पिल्लं आली. उरलेलं घरटं उकरलं तेव्हा अंड्यामागून अंडं तसंच निघालं. ते शंभर वेळा मोजल्यासारखं आठवतं. त्या दिवसापासून आमच्याकडे उन्हं वर आल्यावर कुणी अंड्याला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवाची जात, ऑलिव्ह रिडले, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण, तेच हिला आणि हिच्या अंड्यांनाही. हेतू कितीही चांगला असला तरी परवानगीशिवाय अंडी घरी आणणं हा गुन्हाच. तेव्हा पावसाळा सरता सरता, नवरात्राच्या आसपास, परिक्षेत्र वन अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. गेल्या हंगामात काय दिसलं ते तारखेसह लिहून द्या आणि पोच घ्या. तुमच्या भागाच्या वनरक्षकाशी ओळख करून घ्या. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठानही किनाऱ्यावर कासवांचं काम करतात, तिथेही एक प्रत पाठवा. कितीतरी गावांत वनखातं आणि गाव एकमेकांकडे संशयाने बघतात. त्या संशयात हंगाम निघून जातो आणि अंडी कुत्री खातात. पहिलं पाऊल तुम्ही टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गावात अंडी काढणारा माणूस कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला ते ठाऊक असतं. त्याच्याकडे जा. पोलिसाला घेऊन नव्हे, चहाच्या वेळेला.

आमच्याकडे असे एक काका होते. वडिलांपासून चालत आलेलं काम. पहाटे निघायचे, हातात करंगळीएवढी बारीक काठी. अंडी शेजारच्या बाजारात जायची, आलेल्या पैशांत मीठमिरची यायची. पहिल्या दोन हंगामांत मी त्यांच्याशी भांडलो आणि एकही घरटं वाचवू शकलो नाही, कारण ते माझ्या आधी पोचायचे. तिसऱ्या वर्षी गावातल्या एका वयस्कर बाईंनी मला सुनावलं, ‘‘अरे, तो चोर न्हय, त्याला दुसरं काम दे.’’ तेव्हा मी त्यांना विचारलं, काका, मला शिकवाल का? महिन्याचं मानधन ठरलं, मोठं नव्हतंच, पण ठरलेल्या दिवशी हातात पडायचं. पुढचे चौदा हंगाम त्यांनी आमचा किनारा सांभाळला.

काय शिकवलं त्यांनी? माग वाचायला. पुळणीवर लहान ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा दिसतो, दोन-अडीच फूट रुंद. वर येतानाचा एक, परत जातानाचा एक. मादी पुढचे पाय मारते तेव्हा वाळू मागे ढकलली जाते, म्हणून वाळूचे लहान ढीग कोणत्या बाजूला आहेत यावरून दिशा कळते. रिडलेचे डाव्या-उजव्या पायांचे ठसे एकाआड एक पडतात, हिरव्या कासवाचे जोडीने. दोन्ही पट्टे जिथे भेटतात तिथे वाळू विस्कटलेली असते. पण घरटं त्या विस्कटलेल्या जागेच्या बरोबर मध्ये असतंच असं नाही. अंडी घालून झाल्यावर रिडलेची मादी अंग डावी-उजवीकडे आपटत वाळू धोपटते आणि मग पायांनी वाळू उडवून जागा लपवते. काका गुडघ्यावर बसून तळवा फिरवायचे. ओली वाळू वर आलेली कुठे आहे, कोरडी कुठे. मग काठी सरळ, अगदी हलकी, बोटांच्या चिमटीत धरून खाली सोडायचे. घट्ट वाळूत ती अडायची. घरट्यावर आली की एकदम सैल जायची, आणि तिथेच ते थांबायचे. ‘‘थांबता आलं पाहिजे, नाहीतर अंडं फुटतं,’’ म्हणायचे. शिकण्याच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून तीन फुटली. कधी माग असतो, घरटं नसतं. मादी वर येते, उजेड दिसतो, कुत्रं भुंकतं किंवा वाळू आवडत नाही, आणि ती तशीच परत जाते. असा नुसता मागही लिहून ठेवा.

घरटं सापडलं की पहिला प्रश्न: जागेवर ठेवायचं की हलवायचं? माझा कौल नेहमी जागेवर ठेवण्याकडे. भरतीच्या रेषेच्या वर असेल आणि राखण शक्य असेल तर वरून जाळीचं कुंपण करा, जाळी वाळूत फूटभर तरी गाडा म्हणजे कुत्री, कोल्हे खालून उकरणार नाहीत. उधाणाचं पाणी चढेल अशा जागी असेल किंवा राखण जमणार नसेल तर हलवा, पण वनखात्याच्या परवानगीने आणि आधी कुणा जाणत्याबरोबर दहा-वीस घरटी हाताळून. हॅचरीत, म्हणजे हलवलेली अंडी उबवायला कुंपण घातलेल्या जागेत, खड्डा मूळ घरट्यासारखाच लागतो: दीड फूट खोल, मान अरुंद आणि पोट फुगीर, आपल्या मडक्यासारखा. मूळ घरट्यातली ओलसर वाळू बरोबर आणायची. दोन घरट्यांत मीटरभर तरी अंतर. प्रत्येकावर पाटी, तीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. पंचेचाळीस दिवसांनंतर वर टोपली पालथी घालायची, म्हणजे रात्री वर आलेली पिल्लं भटकत नाहीत. आणि टोपली सकाळ-संध्याकाळ न चुकता उघडायची. उन्हात टोपलीखाली अडकलेलं पिल्लू दोन तासांत मरतं, हे मी बघितलंय.

उन्हाचं प्रकरण आता दरवर्षी जड होत चाललंय. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण तीस अंशांच्या आसपास नर-मादी दोन्ही होतात, त्याच्या वर माद्या, खाली नर. पस्तिशीकडे गेलं की गर्भच मरायला लागतात. मार्च-एप्रिलमधल्या घरट्यांवर हॅचरीत हिरव्या जाळीची सावली करावी लागते. पण डिसेंबरच्या घरट्यांवरही घाबरून सावली केलीत तर तुमचे सगळे नरच होतील. एक साधा थर्मामीटर घरट्यांच्या खोलीवर पुरून ठेवा आणि रोज वाचा. अंदाजाने करू नका.

पिल्लं बाहेर आली की माणसाचं भान सुटतं. मला समजतं, माझंही सुटायचं. पण पिल्लू हातात घेऊ नका आणि थेट पाण्यात ठेवू नका. वाळूवरून पाण्यापर्यंत ते स्वतः चालत जातं त्याचा त्याच्या पुढच्या आयुष्याशी संबंध आहे. वाढलेल्या माद्या आपल्या जन्मभागाच्या किनाऱ्याकडे परत येतात, आणि ही ओळख या पहिल्या प्रवासात ठसते असं अभ्यासक मानतात. शिवाय बाहेर येताना पिल्लाच्या अंगात खोल समुद्रापर्यंत पोचण्यापुरतीच ताकद असते. पाहुण्यांची गाडी उशिरा येणार म्हणून पिल्लं टबात चार तास ठेवली की ती ताकद टबाच्या कडेला धडका मारण्यात जाते. हजारातलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात, आणि त्या एकाचीही शक्ती फोटोसाठी खर्च करायचा आपल्याला अधिकार नाही. ज्या दिवशी तुम्ही पाहुण्यांना ‘‘आज पिल्लं नाहीत’’ असं सांगायचं धाडस कराल, त्या दिवशी तुमचं गाव महोत्सवाला तयार झालं. शनिवार-रविवार बघून घरटी उघडत नाहीत.

महोत्सवाला माझा विरोध नाही. वेळासच्या घरांतून पाहुणे राहतात, बायाबापड्यांच्या हातात पैसा येतो, आणि कासव जिवंत राहण्यात गावाचा फायदा आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आंजर्ल्यानेही हे करून दाखवलंय. फक्त त्या पैशातून आधी पहाटे फिरणाऱ्या कासवमित्राचं मानधन बाजूला काढा, मग बाकीचं. आणि एका वेळी किती माणसं किनाऱ्यावर उभी राहतील याचा आकडा ग्रामसभेने ठरवावा, लॉजवाल्यांनी नव्हे.

ग्रामसभेचं नाव निघालंच आहे, तर त्यावर जरा सविस्तर. कुत्री, अंडीचोर, कोल्हे यांच्याशी तुम्ही लढाल आणि जिंकाल. त्यापेक्षा अवघड आहे तो किनाराच हातातून जाणं. घरट्याच्या जागी दगडी बंधारा झाला की मादी वर चढू शकत नाही. सुरूची झाडं पार भरतीरेषेपर्यंत लावली की मुळांमुळे खड्डा खणता येत नाही. हॉटेलचे फोकस पुळणीवर पडले की मादी फिरून जाते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालत सुटतात, कारण रात्री समुद्राचं क्षितिज त्यांना सगळ्यात उजळ दिसतं त्यावरच ती दिशा धरतात. पाहुण्यांच्या गाड्या वाळूवर फिरल्या की वाळू दबते आणि चाकांच्या खोल चाकोऱ्यांत पिल्लं अडकतात. याला काठी आणि टोपली पुरत नाही.

इथे तुमची नोंदवही कामाला येते. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, २०११ च्या आणि २०१९ च्याही, कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. पण नकाशावर तुमची पुळण विणीची जागा म्हणून दिसायला नोंद लागते. ‘‘आमच्याकडे पूर्वीपासून कासवं येतात’’ याला कागदावर काडीची किंमत नाही. ‘‘अमुक तारखेला, अमुक अक्षांश-रेखांशावर, एकशे चार अंडी, वनरक्षकाच्या समक्ष’’ याला आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून मोबाइलवर जीपीएसचा आकडा घ्या, फोटो काढा, वहीत लिहा, वनरक्षकाची सही घ्या आणि हंगाम संपला की एक प्रत वनखात्यात, एक ग्रामपंचायतीत. मी एका गावात बघितलंय: पुळणीच्या अर्ध्या लांबीचा बंधारा मंजूर झाला होता, यंत्रं यायची बाकी होती. गावाने सहा हंगामांच्या वह्या सुनावणीत टेबलावर ठेवल्या. साध्या शाळकरी वह्या, पाण्याचे डाग पडलेल्या. बंधाऱ्याची आखणी बदलली आणि पुळणीचा विणीचा तुकडा सुटला. तिथे भाषणं फारशी झालीच नाहीत.

ठराव करायचा असेल तर शिमग्याच्या दिवसांत करा. तेव्हा मुंबईकर गावात असतात, पालखी असते, आणि नेमका पिल्लांचाही हंगाम असतो. जमिनी विकणारे आणि विकत घेणारे बऱ्याचदा मुंबईतच असतात, त्यांच्यासमोर ठराव झालेला बरा. ठरावात तीन गोष्टी मागा: नोव्हेंबर ते मे पुळणीवर वाहनबंदी, किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे रात्री बंद, आणि भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण. जास्त मागू नका. तीन पाळले गेले तरी पुष्कळ आहे.

मच्छीमारांना सोडून हे काम होत नाही. मोठी मादी मरते ती बहुतेकदा जाळ्यात गुदमरून. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि ट्रॉलरचं जाळं तासन्‌तास ओढलं जातं. पण जाळं कापून कासव सोडायला सांगणं सोपं असतं, जाळं दुसऱ्याचं असतं म्हणून. एक जाळं म्हणजे एखाद्या घराचा महिन्याचा खर्च. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशी योजना आहे की संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तुमच्या बंदरातल्या किती जणांना ती माहीत आहे, विचारून बघा. अर्ज भरायला, सुटकेचा फोटो आणि व्हिडिओ व्यवस्थित जोडायला मदत करा. एका मच्छीमाराच्या हातात धनादेश पडला की पुढच्या वर्षी दहा जण कासव सोडतील.

गुजरातच्या किनाऱ्यावर देवमाशाएवढ्या मोठ्या व्हेल शार्कची एकेकाळी सर्रास शिकार व्हायची. २००१ मध्ये तिला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण शिकार कागदाने थांबली नाही. २००४ च्या सुमारास वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने रामकथाकार मोरारी बापूंना बरोबर घेतलं, आणि ते लोकांना सांगू लागले की ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. शिकारी खारवा मच्छीमार तिला जाळी कापून सोडू लागले. आपल्याकडे तर हे शब्दशः खरं आहे. रिडलेची मादी बाळंतपणालाच येते. रात्री वाळूत बसलेल्या मादीच्या डोळ्यांतून पाणी गळताना पाहिलं की कोळीणी पदर तोंडाला लावतात. ते पाणी अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकण्यासाठी असतं हे मला माहीत आहे, आणि मी ते त्या वेळी सांगत बसत नाही. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून आत जाणाऱ्या आपल्या माणसांना हा जीव परका नाही. गावच्या पुजाऱ्याशी, कोळीवाड्यातल्या जाणत्या बायकांशी आधी बोला. शाळेतल्या पोस्टर स्पर्धेपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

जखमी कासव लागलं तर घाईने पाण्यात ढकलू नका. ते थकलेलं असतं, पाण्यात बुडून मरतं. सावलीत ठेवा, ओलं फडकं पाठीवर टाका, नाकातोंडात पाणी ओतू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. डहाणूला समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, तिथपर्यंत पोचवायची व्यवस्था होऊ शकते.

पैशाचं विचारलंत. पहिल्या हंगामाला लागतात एका माणसाचं सहा महिन्यांचं मानधन, विजेऱ्या, थोडी जाळी, दहा टोपल्या, वह्या. विजेरीला लाल कागद लावा, मादीला पांढरा उजेड सहन होत नाही. मुंबईच्या ग्राममंडळाकडून एवढे पैसे उभे राहतात, मी उभे राहिलेले पाहिलेत. मोठं अनुदान पहिल्या वर्षी मागू नका. अनुदान उशिरा येतं आणि तोवर माणूस दुसऱ्या कामाला लागतो.

पुढच्या हंगामात एखादी मादी अंडी घालताना सापडली, तर मागच्या बाजूने, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, हालचाल न करता बसा. अंडी पडायला लागल्यावर ती फारशी विचलित होत नाही. तेव्हा लाल उजेडात तिचे पुढचे फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, बघा. अभ्यासकांनी लावलेला धातूचा लहान बिल्ला असेल तर त्यावरचा आकडा नीट वाचून लिहून घ्या, फोटो काढा, बिल्ल्याला हात लावू नका. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, आणि आजवर वेगवेगळ्या मानलेल्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या कासवांबद्दल अभ्यासकांना नव्याने विचार करावा लागला. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. ओडिशाचा बिल्ला असलेली ती मादी कळली, कारण त्या रात्री वाळूवर एक माणूस जागा होता आणि त्याने आकडा वाचला. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर बिल्ल्याच्या आकड्यासाठी एक रकाना आखून ठेवा.